सिग्नल हिरवा झाला, पण आधी कोण?

गाडीवर असलो की पायी चालणारे आडवे येतात असं वाटतं. पायी असलो की गाडीवाले माजलेत असं वाटतं. मग रस्त्यावर पहिला हक्क नेमका कोणाचा? कायद्याचं उत्तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे.

आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा सिग्नल कोणता? लाल, पिवळा, हिरवा? छे! आपला हात. पंजा गाड्यांच्या दिशेने, नजर समोरच्या कडेला आणि चेहऱ्यावर 'थांब रे बाबा जरा' असा भाव. या सिग्नलला वीज लागत नाही, टायमर लागत नाही आणि तो पावसात बंद पडत नाही. फक्त समोरचा थांबेल की नाही, याची गॅरंटी नसते.

जुन्या जालन्यात गांधी चमनला किंवा स्टेशन रोडवर संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा, हा सिग्नल तुम्हाला पदोपदी दिसेल. भाजीची पिशवी घेतलेल्या मावशी हात वर करतात. दप्तरवाली पोरं हात वर करतात. स्टेशनकडे निघालेले, बॅगा घेतलेले काकासुद्धा जमेल तसा हात वर करतात. समोरून रिक्षा, बाइक, टेम्पो आणि एखादा सळईने भरलेला ट्रक येत असतो. जालना पडलं स्टीलचं गाव! कोणी ब्रेक मारतं, कोणी हॉर्न मारतं, कोणी मावशींच्या पुढून कट मारून जातं. वर ऐकवतं, 'ओ मावशी, बघून चाला की!'

आता खरं सांगा, अशा वेळी चूक कोणाची वाटते? आपण बाइकवर असलो तर मावशींची. आपण मावशींसोबत असलो तर बाइकवाल्याची. म्हणजे आपलं मत आपण कोणत्या बाजूला आहोत त्यावर ठरतं. गंमत म्हणजे आपण रोज दोन्ही बाजूंना असतो. पार्किंगमधून गाडी काढली की गाडीवाले आणि गाडी लावून चहाच्या टपरीकडे निघालो की चालणारे. मधे फार तर दहा मिनिटं जातात, पण तेवढ्यात आपला सगळा कायदा उलटा होतो.

हिरवा म्हणजे 'सावकाश'

थोडा फ्लॅशबॅक. सिग्नल हे प्रकरण गाड्यांसाठी आलं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या बाहेर लागला, तेव्हा मोटारी नव्हत्याच. घोडागाड्यांच्या गर्दीत पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा, हा त्याचा हेतू होता. जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वे इंजिनीअरने रेल्वेच्या सिग्नलवरून ही कल्पना उचलली. दिवसा लाकडी हात वरखाली व्हायचे आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागायचे.

यातला खरा भन्नाट भाग पुढे आहे. या सिग्नलमध्ये हिरव्याचा अर्थ 'सुटा' असा नव्हता. पायी चालणाऱ्यांची काळजी घेत सावकाश पुढे जा, असा होता. लाल लागायचा तो लोकांना पलीकडे जाता यावं म्हणून. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो सिग्नल उडवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग थंडावला. १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला विजेवर चालणारा सिग्नल आला, मोटारी वाढल्या आणि हळूहळू हिरव्याचा अर्थ बदलला. 'जपून जा'चं 'चल, हाण' झालं.

याच काळात अमेरिकेत आणखी एक शब्द पसरला, 'जेवॉकर'. 'जे' म्हणजे गावंढळ माणूस, ज्याला शहरात कसं चालायचं तेही कळत नाही असा. १९२० च्या दशकात मोटारींच्या बाजूच्या लोकांनी हा शब्द जोरात चालवला आणि रस्त्यात चालणं हीच चूक आहे, असं लोकांच्या डोक्यात भरवलं. त्याआधी रस्ता सगळ्यांचा होता आणि मोटार पाहुणी होती. पुढे पाहुणीच मालकीण झाली.

आपल्याकडे 'कुठून येतात कोण जाणे' हा टोमणा तुम्ही ऐकला असेल, कदाचित मारलाही असेल. तो याच 'जे'चा मराठी भाऊ आहे.

कायद्याची गंमत

आता आपल्या कायद्याकडे या. १९८९ साली रस्त्यावरच्या वागण्याचे नियम आले, 'रूल्स ऑफ द रोड'. त्यातल्या ११ व्या नियमाचं शीर्षक एकदम झक्कास होतं, पादचाऱ्यांना अग्रहक्क! पण खालचा मजकूर वाचला की हसावं की रडावं कळत नाही. जिथे फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक असेल तिथे त्यावर गाडी चालवू नका, एवढंच त्यात म्हटलं होतं. म्हणजे चालणाऱ्याचा हक्क फुटपाथपुरता. आणि फुटपाथच नसेल तर? तर मग हात वर करा!

जवळपास २८ वर्षं हेच चाललं. जून २०१७ मध्ये ते नियम जाऊन नवे आले, 'मोटर व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स'. यात भाषा स्पष्ट झाली. जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा झेब्रा क्रॉसिंगजवळ आलात की ड्रायव्हरने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी जाणाऱ्यांना, व्हीलचेअरवर असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं. पुढे ट्रॅफिक तुंबलं असेल तर झेब्रावर गाडी नेऊन ती वाट अडवायची नाही. पादचारी, सायकलवाले, मुलं, म्हातारी माणसं आणि अपंग व्यक्ती यांची ड्रायव्हरने जास्त काळजी घ्यायची.

आपण नेमकं उलट समजतो. सिग्नल नाही म्हणजे ज्याची गाडी मोठी तो आधी, हा आपला अलिखित नियम. लिहिलेला नियम सांगतो की झेब्रावर सिग्नल नसेल तर पायी माणूस आधी. मोठ्या शहरातल्या चकाचक चौकात मशीन ठरवतं कोण आधी ते. छोट्या गावात, बंद सिग्नलच्या चौकात ते तुम्ही ठरवता आणि तिथे कायदा चालणाऱ्याच्या बाजूने उभा आहे.

हे तुम्हाला नवीन वाटतंय? तुम्ही याची परीक्षा देऊन बसलाय, बॉस! लर्निंग लायसन्सच्या टेस्टच्या प्रश्नसंचात हा प्रश्न आहेच. क्रॉसिंगजवळ लोक रस्ता ओलांडायला थांबले आहेत, तुम्ही काय कराल? हॉर्न वाजवून निघून जाल, स्लो होऊन हॉर्न वाजवत जाल, की थांबून त्यांना जाऊ द्याल? तिसरा पर्याय टिक केला की मार्क मिळतो. लायसन्स हातात आलं की गाडी पहिल्या पर्यायावर येते.

तुमचा ट्रॅफिक आयक्यू किती?

चला, एक छोटीशी टेस्ट घेऊ. उत्तर वाचायच्या आधी मनात ठरवा. चीटिंग नको!

*१. तुमचा सिग्नल हिरवा झाला. एक आजी अजून रस्त्याच्या मधोमध आहेत. आधी कोण?*

आजी. हिरवा दिवा तुम्हाला पुढे जायची परवानगी देतो, समोर माणूस असताना जायचा अधिकार देत नाही. आजी निघाल्या तेव्हा त्यांचा सिग्नल होता, आता त्या मधे अडकल्यात. मागचा हॉर्न मारतोय? मारू दे. त्याला आजी दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात.

*२. तुम्हाला डावीकडे वळायचंय. सिग्नल लाल आहे, पण 'लेफ्ट तर फ्रीच असतो ना?'*

नसतो. 'फ्री लेफ्ट'चा बोर्ड किंवा डावीकडचा हिरवा बाण असेल तरच डावीकडे वळता येतं, नाहीतर लाल म्हणजे लालच. आणि बोर्ड असला तरी तो लेफ्ट लाल दिव्यापासून फ्री असतो, माणसांपासून नाही. तिथे कोणी ओलांडत असेल तर त्याला आधी जाऊ द्या. पायी चालणाऱ्याला सगळ्यात जास्त धाकधूक याच वळणावर असते. समोरच्या गाड्या थांबलेल्या असतात आणि ही एक डावी लाइन मात्र वाहतच असते.

*३. चालणाऱ्यांचा सिग्नल लाल आहे. रस्ता रिकामा दिसतोय. तुम्ही पायी आहात. जायचं?*

थांबायचं. इथे हक्क गाडीवाल्याचा आहे. पण समजा कोणी तरीही उतरलाच, तर 'त्याची चूक होती' म्हणून ड्रायव्हरला उडवायचं लायसन्स मिळत नाही. ब्रेक मारायची जबाबदारी राहतेच. दुसरीकडे, अपघात झाला तर भरपाई ठरवणारं ट्रिब्युनल चालणाऱ्याची किती चूक होती तेही बघतं आणि तेवढा हिस्सा रकमेतून कापू शकतं. म्हणजे दोघांनाही पूर्ण सूट नाही.

*४. रात्री अकरा. सिग्नल नुसता पिवळा लुकलुकतोय.*

लुकलुकणारा पिवळा म्हणजे 'सिग्नल बंद, मजा करा' असं नाही. वेग कमी करा आणि सांभाळून जा, असा त्याचा अर्थ आहे. झेब्रा असेल आणि कोणी ओलांडत असेल तर तोच आधी. थोडक्यात, १८६८ चा जुना हिरवा दिवा रात्री पिवळा होऊन परत येतो!

*५. सिग्नल लाल आहे, पण चौकात हवालदार तुम्हाला 'चला चला' करतोय.*

चला. पोलिसाचा हात दिव्यापेक्षा वरचढ. मात्र त्याने हात दाखवला तो चौक मोकळा करायला, झेब्रावरच्या माणसाला घाबरवायला नाही.

*६. झेब्राच नाही. पट्टे पुसले गेलेत किंवा कधी मारलेच नव्हते.*

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा तोच येतो. इथे चालणाऱ्याला 'मी आधी' असं ठासून सांगता येत नाही, त्याने दोन्हीकडे बघून, गाड्यांचा अंदाज घेऊन जायचं. ड्रायव्हरवर मात्र काळजी घ्यायची जबाबदारी तशीच आहे. म्हणजे रस्त्यावरचा पांढरा रंग ही नुसती डेकोरेशन नाही. पट्टे पुसले की चालणाऱ्याचा पहिला हक्कही फिका पडतो. एका रंगाच्या डब्यावर एवढं अवलंबून आहे.

पाचहून जास्त बरोबर? मग तुम्ही खरंच सॉलिड आहात. तीनहून कमी? लायसन्स खिशात आहे म्हणून वाचलात!

पाच सेकंदांचा हिशेब

'आजी एवढ्या हळू का चालतात?' हा प्रश्न आपण आजींना विचारतो. तो टायमरला विचारायला हवा.

ट्रॅफिक इंजिनीअर सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. चौदा मीटर रुंद रस्ता असेल तर पलीकडे जायला बारा सेकंद लागतात. तुम्ही तरुण आहात, स्पोर्ट्स शूज घातलेत, बारा सेकंदांत आरामात पोहोचाल. आता समजा गुडघेदुखी असलेल्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालतात. त्यांना साडेसतरा सेकंद लागणार. टायमर बाराला संपला तर शेवटची साडेपाच सेकंदं त्या गाड्यांच्या दयेवर आहेत. त्यांनी कोणताही नियम मोडलेला नाही. त्या हिरव्यावर निघाल्या, सरळ चालल्या, तरीही लालमध्ये सापडल्या.

आता गाडीकडून बघा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे शहरातला अगदी 'नॉर्मल' वेग. या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. साडेपाच सेकंदांत ६० मीटर. समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, असं धरलं तरी ११ मीटर संपले आणि गाडी अजून स्लो व्हायलाही लागलेली नाही. मोबाइलवर नोटिफिकेशन बघत असाल तर तो एक सेकंद कधी दोन होतो, कधी तीन.

वेगाचं गणित सरळ रेषेत चालत नाही, हीच खरी मेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडीचा वेग ५० वरून ६५ झाला की तिच्या समोरच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. वेग वाढतो पंधराने आणि धोका साडेचार पटीने.

जालन्यात याला आणखी एक पदर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालना थेट त्या रस्त्यावर आलं. समृद्धीवर पायी जाणाऱ्यांना, बाइकला, रिक्षाला प्रवेशच नाही. तिथे कारची मर्यादा ताशी १२० आहे. तासभर त्या वेगाने आलेल्या डोळ्यांना साठसुद्धा रांगल्यासारखा वाटतो. हा भ्रम सगळ्यांनाच होतो, त्यात तुमच्या ड्रायव्हिंग स्किलचा काही संबंध नाही. म्हणून वीकेंडला पुण्या-मुंबईहून घरी जाणाऱ्या मंडळींनी इंटरचेंजवरून खाली उतरलं की स्पीडोमीटरकडे एकदा मुद्दाम बघावं. मनावर विश्वास ठेवू नये. जिथे माणूस दिसायलाच मनाई होती तिथून तुम्ही थेट जिथे माणूसच माणूस आहेत अशा रस्त्यावर येताय.

आकडा रोज ९६ चा

हे सगळं 'मॅनर्स'चं प्रकरण असतं तर एका लेखात संपलं असतं. पण केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसं गेली. त्यातली ३५,२२१ पायी चालणारी होती. भागाकार केला तर रोज ९६. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, हाच आकडा ३२,८२५ होता. म्हणजे एका वर्षात जवळपास चोवीसशेने वाढ.

रस्त्यावर मरणाऱ्या दर पाच जणांमागे एकाकडे कोणतीही गाडी नव्हती. हेल्मेट नाही, सीट बेल्ट नाही, एअरबॅग नाही. त्याच्याकडे फक्त वर केलेला हात होता.

कोइम्बतूरचे हाडांचे सर्जन डॉ. एस. राजसीकरन यांनी रस्ता सुरक्षेसाठी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी कोर्टाने मोकळा, चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मध्ये बसणारा हक्क आहे, असं म्हटलं. कलम २१ म्हणजे जगण्याचा हक्क. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी कोर्टाने राज्यांना पादचाऱ्यांसाठी नियम करायला सहा महिन्यांची मुदत दिली आणि ५० शहरांतल्या फुटपाथ-क्रॉसिंगची तपासणी करायला सांगितलं. १९८९ च्या त्या एका ओळीपासून इथवर यायला छत्तीस वर्षं लागली.

आणि नियम मोडला तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर ड्रायव्हिंगचे हे नियम मोडले तर ५०० ते १००० रुपये दंड आहे. झेब्रावर गाडी उभी करणं त्यात आलं. लाल सिग्नल तोडणं मात्र थेट धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. 'कोणी नव्हतं म्हणून तोडला' हे कायद्याच्या पुस्तकात कारण म्हणून लिहिलेलं नाही.

बाहेर काय चाललंय?

ऑनसाइट जाऊन आलेले मित्र एक किस्सा हमखास सांगतात. 'अरे, मी नुसता कडेला उभा होतो, तर गाडी थांबली! मला वाटलं पत्ता विचारायचाय.' हा तिथल्या पाण्याचा गुण नाही. तिथेही नियम करावे लागले, ते बदलावे लागले.

ब्रिटनमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोड बदलला. वळणाऱ्या ड्रायव्हरने वळणावर ओलांडणाऱ्यालाच नाही, तर ओलांडायला थांबलेल्यालाही आधी जाऊ द्यावं, असं त्यात आलं. त्यामागचं तत्त्व साधं आहे. जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त. ट्रकची कारपेक्षा, कारची बाइकपेक्षा, बाइकची सायकलपेक्षा आणि सगळ्यांची पायी माणसापेक्षा. म्हणजे आपल्याकडच्या 'मोठी गाडी आधी'चं शीर्षासन!

सिंगापूरने २००९ मध्ये आजींचा प्रश्न सोडवायला घेतला. सिग्नलच्या खांबावर ज्येष्ठ नागरिकाने आपलं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. आपण हिशेब केला ती साडेपाच सेकंदं तिथे कार्डावर मिळतात. न्यूयॉर्कने ऑक्टोबर २०२४ मध्ये मधूनच रस्ता ओलांडणं हा गुन्हा राहणार नाही असा कायदा केला. अर्थात क्रॉसिंग सोडून ओलांडलं तर गाडीला आधी जाऊ द्यायचं, हे कायम आहे.

आणि आपलं महाराष्ट्र अगदीच मागे नाही बरं का! २०२० मध्ये मुंबईत दादर भागातल्या पादचारी सिग्नलवर फ्रॉक घातलेली मुलगी आली. तोवर सिग्नलवर फक्त पुरुषच चालत होता. त्याच वर्षी मुंबई पोलिसांच्या 'पनिशिंग सिग्नल'चा व्हिडिओ तुफान गाजला. लाल दिव्यावर थांबलेल्यांनी हॉर्न वाजवून आवाज ८५ डेसिबलच्या वर नेला की टायमर परत पहिल्यापासून! वाजवा अजून. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन होऊ लागला. गाड्या बंद, माणसं रस्त्याच्या मधोमध. ज्या रस्त्यावर एरवी अंग चोरून चालावं लागतं, तिथे दिवसभर हात हलवत चालायचं.

जालन्याची संधी

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. रोज हजारो माणसं पूल ओलांडून इकडची तिकडे होतात, त्यातली कितीतरी पायी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. २०२३ मध्ये जालना राज्याची २९ वी महानगरपालिका झाली. महापालिका म्हटलं की रुंद रस्ते, नवे सिग्नल, लाइटिंग, सुशोभीकरण सुरू होतं. मोठ्या शहरांनी हे सगळं आधी गाड्यांसाठी केलं आणि नंतर फुटपाथ शोधत बसली. जालन्याला ती चूक कॉपी-पेस्ट करायची गरज नाही.

जुन्या जालन्याचे रस्ते फार रुंद नाहीत, गाड्या फार जोरात पळू शकत नाहीत, माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. 'कामून एवढी घाई करायलास?' असं इथे कोणीही कोणालाही विचारू शकतं. पायी माणसाला आधी जाऊ द्यायला याहून चांगलं गाव कुठलं? लागतात फक्त ठळक पांढरे पट्टे, त्यांच्या आधी एक थांबायची रेष आणि जिथे सिग्नल असेल तिथे चालणाऱ्यांसाठी पुरेशी सेकंदं. यासाठी उड्डाणपुलाएवढा खर्च येत नाही.

तुम्ही उद्यापासून काय कराल?

गाडीवर असाल तर: थांबायच्या रेषेच्या मागे थांबा, झेब्रावर नाही. हिरवा झाला की क्लच सोडायच्या आधी डावीकडे-उजवीकडे एक नजर टाका. शेजारची गाडी झेब्राजवळ विनाकारण थांबलेली दिसली तर तिला ओव्हरटेक करू नका. कारण नक्की असतं, फक्त तुम्हाला ते गाडीआडून दिसत नसतं. चालणाऱ्याला हॉर्न वाजवून पळवू नका. घाबरलेला माणूस पुढे पळेल की मागे, हे त्यालाही माहीत नसतं.

पायी असाल तर: झेब्रा असेल तर दहा पावलं जास्त चाला, पण तिथूनच ओलांडा. ड्रायव्हरच्या नजरेत नजर मिसळली का ते बघा. कानातले इअरफोन त्या बारा सेकंदांसाठी काढा. टायमर संपत आला असेल तर धावत सुटू नका, पुढचा येतोच.

आणि दोन्ही वेळी नागरिक असाल तर: तुमच्या चौकातले पट्टे पुसले गेले असतील तर फोटो काढून महापालिकेकडे लेखी तक्रार द्या. टायमर कमी पडत असेल तर एखाद्या ज्येष्ठ माणसासोबत घड्याळ लावून ओलांडा, किती सेकंद लागली ते लिहा आणि वाहतूक शाखेला द्या. 'लोकांना त्रास होतो' या वाक्यापेक्षा 'बाराऐवजी अठरा सेकंद लागतात' हे वाक्य फाइलवर जास्त टिकतं.

पहिला हक्क ही घ्यायची गोष्ट नाही, द्यायची आहे. जगातले वाहतुकीचे नियम बघा, 'तू घुस' असं कुठेच लिहिलेलं नसतं, 'त्याला जाऊ दे' असंच लिहिलेलं असतं. मग ऑफिसला उशीर होईल? होईल की, साडेपाच सेकंद. तेवढा वेळ लिफ्टची वाट बघण्यात रोजच जातो आणि तिथे आपण हॉर्नही वाजवत नाही!